पाऊस लागल्यापासून मॉडेमची जोडणी सारखी तुटते. दोष तारेत शोधावा की संगणकात?

हरिपूरकर, सांगली
७ जुलै, रात्री १०.१५

नमस्कार. आमचे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडत दुकान आहे आणि पत्रव्यवहाराचा संगणक हरिपूरच्या घरी माडीवर आहे. दिवसभरात निघालेले राजापुरी हळदीचे भाव आणि नमुन्यांची चित्रे संध्याकाळी बाहेरगावच्या खरेदीदारांना ई-मेलने पाठवणे हे माझे काम. हळकुंड मोडून त्याचा आतला रंग दिसेल असे स्कॅनरच्या काचेवर ठेवतो आणि त्याचे चित्र घेतो. चार नमुन्यांची चित्रे मिळून साधारण ९०० किलोबाइट होतात. उन्हाळ्यात हे काम जेवणाआधी उरकत असे. जूनमध्ये पाऊस लागला आणि तेव्हापासून एक संध्याकाळ धड गेलेली नाही.

मॉडेम, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून संगणक इंटरनेटला जोडणारे यंत्र, संगणकाच्या आत बसवलेला, ५६ के असे खोक्यावर छापलेला आहे. विंडोज ९८ आहे. उन्हाळ्यात जोडणी सेकंदाला ३१,२०० किंवा ३३,६०० बिटांवर होत असे. आता २४,००० किंवा २१,६०० वर होते आणि एकदा तर १६,८०० वर झाली. त्याहून मोठी अडचण म्हणजे ती टिकत नाही. सकाळी लवकर आणि संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत पाच-सात मिनिटांत तुटते, दुपारी मात्र अर्धा-अर्धा तास टिकल्याचे पाहिले आहे. पत्र निम्मे गेलेले असताना जोडणी तुटली की ते पुन्हा पहिल्यापासून पाठवावे लागते आणि प्रत्येक वेळी फोनचा मीटर नव्याने पडतो. मधूनमधून त्रुटी क्रमांक ६८०, म्हणजे डायल टोन नसल्याचा संदेशही येतो, पण फोन उचलून पाहिला तर टोन असतो.

आतापर्यंत विंडोज नव्याने बसवून झाले, मॉडेमचा ड्रायव्हर बदलून झाला. संगणक विकणारे म्हणतात की मॉडेम गेला, बाहेरून जोडायचा नवा घ्या. टेलिफोनची तक्रार दोनदा नोंदवली. दोन्ही वेळा लाइनमन आले, त्यांनी आमचा क्रमांक लावून बोलून पाहिले, आवाज स्वच्छ आला आणि लाइन ठीक असल्याचे सांगून ते गेले. घरात एक फोन सोप्यात, एक स्वयंपाकघरात आणि मॉडेम माडीवर, असे तिन्ही एकाच तारेवर आहेत. नवा मॉडेम घेण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे कसे ओळखावे? आणि ५६ चा मॉडेम ३३,६०० च्या वर एकदाही का गेला नाही, हेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

जुना तारवाला, सातारा
८ जुलै, सकाळी ६.५०

नवा मॉडेम आत्ताच घेऊ नका. मी सातारा जिल्ह्यात टेलिफोनच्या तारा दुरुस्त करण्यात नोकरीची बहुतेक वर्षे घालवली आहेत. जो दोष पावसाबरोबर येतो आणि दुपारी ऊन पडल्यावर कमी होतो, तो संगणकात असण्याचा संभव फार थोडा. मात्र तुमच्याकडे एकच दोष आहे असेही मला वाटत नाही. सकाळची गोष्ट ओलाव्याशी जुळते, संध्याकाळची तितकीशी जुळत नाही. म्हणून उद्यापासून एक वही करा आणि प्रत्येक जोडणीची वेळ, दाखवलेला वेग, किती मिनिटांनी तुटली, त्या वेळी पाऊस होता का आणि तुटल्यानंतर लगेच काय घडले, एवढे लिहीत जा. आठ दिवसांच्या नोंदी हाती आल्या की निम्मे काम होते.

आता लाइनमनला आवाज स्वच्छ का आला ते सांगतो, कारण यात त्यांची चूक नाही आणि तुमचीही नाही. फोन ठेवलेला असताना तारेवर सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश दाब असतो, पण बाहेरून फोन आला की घंटी वाजवण्यासाठी ७५ व्होल्टच्या आसपास प्रत्यावर्ती दाब येतो. गंजलेल्या जोडात दोन टोकांच्या मधे जो बारीक थर साठतो, तो या मोठ्या दाबाने तेवढ्यापुरता फुटतो आणि जोड काही वेळ चांगला चालतो. म्हणजे बाहेरून फोन लावून तपासणाऱ्याला दोष सापडतच नाही, कारण तपासण्याच्या कृतीनेच तो लपतो. मेढ्याकडच्या एका दवाखान्याच्या तारेवर मी स्वतः तीन वेळा असाच फसलो होतो. चौथ्या वेळी डॉक्टरांनी मला फोन लावू दिला नाही, रिसीव्हर उचलून थेट माझ्या कानाला लावला, आणि चुलीत ओले सरपण तडतडावे तसा आवाज ऐकू आला.

तुम्हीही तसेच करा. सकाळी, रात्रभरात एकही फोन आलेला नसताना, रिसीव्हर उचला, कोणताही एक आकडा दाबून डायल टोन बंद करा आणि दहा-बारा सेकंद शांतपणे ऐका. तडतड किंवा खरखर असेल तर जोड सैल किंवा गंजलेला आहे. एकसारखी घुमणारी घरघर असेल तर दोनपैकी एक तार कुठेतरी ओल्या भिंतीला टेकून जमिनीत गळते आहे, किंवा ती विजेच्या वायरीला लागून गेली आहे. दुसऱ्या कोणाचे बोलणे पुसट ऐकू आले तर दोष केबलमध्ये आहे आणि तो तुमच्या हातचा नाही. माणसाच्या कानाला थोडी खरखर चालते, ऐकणारा गाळलेला शब्द मनाने भरून घेतो. मॉडेमला ती सोय नाही.

त्यानंतर घरातली आणि बाहेरची तार वेगळी करून पाहा. खांबावरून येणारी तार घरात जिथे पहिल्यांदा उतरते, तिथल्या रोझेटवरून, म्हणजे तारा जोडायच्या लहान डबीवरून, आतल्या सगळ्या तारा सोडवा आणि फक्त एक चांगला फोन तिथेच जोडून तीच ऐकण्याची परीक्षा घ्या. खरखर गेली तर दोष घरात आहे, राहिली तर बाहेर. आवाज आत सापडला तर एकेक फाटा परत जोडत जा, म्हणजे कोणता फाटा आवाज आणतो ते कळेल. जुन्या घंटीचे फोन आणि कुठेच न लागलेल्या लोंबत्या तारा लाइनवर उगाच भार टाकतात, त्या काढून टाकलेल्या बऱ्या. मल्टिमीटर असेल तर सगळे फोन सोडवून तारेवरचा दाब मोजा. तो ४८ च्या आसपास न राहता बराच खाली असेल तर तार गळते आहे हे नक्की. हात लावण्याआधी मात्र ध्यानात ठेवा की नेमका त्याच वेळी फोन आला तर घंटीच्या दाबाचा चांगलाच झटका बसतो.

तुमचे घर नदीकाठच्या गावात आहे, म्हणून बाहेरच्या भिंतीवर, पागोळ्या पडतात त्या जागी एखादा जोड आहे का तो आधी पाहा. काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला जोड पाणी बाहेर ठेवत नाही, आत शिरलेले पाणी धरून ठेवतो. खांबावर किंवा डीपी बॉक्सला, म्हणजे घरोघरच्या तारा जिथून फुटतात त्या पेटीला, हात घालू नका, ते काम लाइनमनचेच आहे. आणि विजा चमकत असतील तेव्हा मॉडेमची टेलिफोनची वायर काढूनच ठेवत जा. वळवाच्या पावसात जळालेले जितके मॉडेम मी पाहिले, त्यातल्या बहुतेकांत वीज टेलिफोनच्या तारेवरून आलेली होती.

संगणक वर्ग, कराड
८ जुलै, रात्री ९.३०

तारेबद्दल वर जे लिहिले आहे त्यात मला भर घालण्यासारखे काही नाही, म्हणून मॉडेमपुरते लिहितो.

जोडणी झाल्यावर दिसणारा आकडा नुसता लहान-मोठा पाहायचा नसतो, तो कोणत्या पायऱ्यांवरचा आहे हेही पाहायचे असते. १९९४ मध्ये आलेले आणि १९९६ मध्ये ३३,६०० पर्यंत वाढवलेले व्ही.३४ हे मानक २,४०० च्या पायऱ्यांनी चढते, म्हणून त्यात १६,८००, २१,६००, २४,०००, ३१,२०० असे आकडे येतात. १९९८ चे व्ही.९०, ज्याला आपण ५६ के म्हणतो, ते साधारण १,३३३ च्या पायऱ्यांनी चढते आणि त्यात ४२,६६७, ४५,३३३, ४९,३३३ असे आकडे दिसतात. तुम्ही दिलेले सगळे आकडे पहिल्या जातीचे आहेत. म्हणजे उन्हाळ्यातल्या कोरड्या दिवसांतही तुमची जोडणी व्ही.९० वर झालेलीच नाही.

याचे कारण असे. एक्स्चेंज आपला आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजते आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहिते, म्हणजे एका संभाषणाच्या वाट्याला ६४,००० बिट येतात. त्यातले ७ बिट भरवशाने वापरता येतात असे धरून ५६,००० हा आकडा आला. पण अट अशी आहे की इंटरनेट सेवेच्या यंत्रापासून तुमच्या एक्स्चेंजपर्यंतचा सगळा मार्ग अंकीय असला पाहिजे आणि अंकांचे आवाजात रूपांतर एकदाच, तुमच्या तारेच्या तोंडाशी, झाले पाहिजे. मधे कुठे ते दुसऱ्यांदा होत असेल, उदाहरणार्थ एकाच तारजोडीवरून दोन ग्राहकांना फोन देणारे उपकरण बसवलेले असेल, तर मॉडेम व्ही.३४ वर उतरतो आणि तिथेच राहतो. त्याला मॉडेम बदलणे हा उपाय नाही.

शिवाय तुमचे काम पाठवण्याचे आहे आणि व्ही.९० मध्ये ५६,००० हा फक्त येणाऱ्या माहितीचा वेग आहे. जाणाऱ्या माहितीची मर्यादा त्यातही ३३,६०० च आहे. सन २००० च्या व्ही.९२ ने ती ४८,००० पर्यंत नेली, पण सेवा देणाऱ्याच्या यंत्रातही व्ही.९२ असेल तरच. म्हणून विक्रेत्याने सुचवलेल्या खर्चातून तुमच्या पत्रांना काही मिळेल असे मला वाटत नाही.

आता गणित पाहा. ई-मेलला जोडलेली फाइल वाटेत अक्षरांच्या रूपात जाते आणि त्यात ती एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे तुमचे ९०० किलोबाइट १,२०० होतात. जाण्याचा वेगही २४,००० धरला तर त्याला सुमारे सात मिनिटे लागतात. मॉडेमच्या अंगच्या संकोचनाने, म्हणजे माहिती दाबून लहान करण्याने, त्यातले थोडे भरून निघते, पण तारेवर खरखर असेल तर व्ही.४२ या मानकाची चूक-दुरुस्ती बिघडलेला प्रत्येक तुकडा परत मागवते आणि ते मिळालेले पुन्हा निघून जाते. पडद्यावरचा आकडा तोच राहतो आणि प्रत्यक्ष वेग निम्म्यावर येतो. जी जोडणी पाच-सात मिनिटांत तुटते, तिच्यावरून सात मिनिटांचे पत्र जाणार नाही हे उघड आहे.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी करून पाहा, पण एका वेळी एकच, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. मॉडेमच्या गुणधर्मांत कनेक्शनच्या प्रगत भागात ‘जादा सेटिंग’ची चौकट आहे, तिथे या आज्ञा रोमन अक्षरांत टंकायच्या आहेत. ६८० या त्रुटीसाठी एक्स३ लिहा. आपल्याकडचा डायल टोन अमेरिकेतल्या टोनपेक्षा वेगळा आहे आणि तिथल्या मापाने बनलेल्या काही मॉडेमांना तो ओळखता येत नाही. एक्स३ दिल्यावर मॉडेम टोनची वाट न पाहता क्रमांक फिरवतो. जोडणी टिकण्यासाठी एस१०=५० लिहा. समोरचा आवाज हरवल्यावर मॉडेमने किती वेळ थांबून फोन ठेवायचा हे एस१० ठरवते, त्याचे माप सेकंदाच्या दहाव्या भागात असते आणि बहुतेक मॉडेमांत ते १४ म्हणजे दीड सेकंदाहून कमी असते. ५० केल्यावर मॉडेम पाच सेकंद धीर धरतो.

एक सावधगिरी: काही मॉडेम जोडणीचा वेग ११५,२०० असा दाखवतात. तो संगणक आणि मॉडेम यांच्यामधला वेग आहे, तारेवरचा नाही. मॉडेमची नोंद-फाइल चालू ठेवली की खरा आकडा तिच्यात सापडतो.

विश्रामबागकर, सांगली
९ जुलै, दुपारी १.०५

माझे लिहिणे फक्त चित्रांपुरते आहे. स्कॅनर ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांवर, असेल तर १५० वर आणा. लांबी-रुंदीतले ठिपके निम्मे झाले की एकूण ठिपके चौथा हिस्सा राहतात आणि फाइलही जवळजवळ त्याच प्रमाणात लहान होते. संगणकाच्या पडद्यावर पाहणाऱ्या खरेदीदाराला हळकुंडाचा रंग कळायला तेवढे पुष्कळ आहे. चारही चित्रे एका पत्रात पाठवू नका, चार पत्रे करा, म्हणजे तुटले तरी एकच पत्र पुन्हा पाठवावे लागेल. आणि पत्रे फोन लावण्याआधी लिहून, बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या कप्प्यात तयार ठेवा.

हरिपूरकर, सांगली
२० जुलै, रात्री १०.४०

आपणा सगळ्यांचे मनापासून आभार. अकरा दिवसांची वही समोर ठेवून लिहितो आहे.

पहिल्याच सकाळी साडेसहाला फोन उचलला, एक आकडा दाबला आणि तारवाले काकांनी लिहिले होते तीच तडतड ऐकू आली. दुपारी दोन वाजता ती जवळजवळ नव्हती. रोझेटवर एकच फोन जोडून पाहिला तरी आवाज तसाच होता, म्हणून घराबाहेर पडून तारेच्या मागे मागे गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीवर, पत्र्याची पन्हळ जिथे गळते त्याच्या बरोबर खाली, काळ्या पट्टीचा एक गोळा होता. लाइनमनना बोलावून या वेळी बाहेरून फोन न लावता आधी ऐकण्याची विनंती केली. त्यांनी ऐकले, काही न बोलता शिडी लावली आणि पट्टी सोडवली. आतून पाण्याचे दोन-तीन थेंब ओघळले. तांब्याच्या टोकावर हिरवट-पांढरी पूड धरली होती आणि पीळ उलगडायला गेल्यावर एक तार त्यांच्या बोटांत तुटून आली. त्यांनी खराब भाग कापून जोड नव्याने केला आणि तो पन्हळीपासून दूर, वळचणीच्या आत घेतला. तार घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी तिथेच गळून पडेल.

त्या दिवसापासून सकाळची जोडणी ३१,२०० वर होते आणि मी फोन ठेवीपर्यंत टिकते. एक्स३ दिल्यापासून ६८० ची त्रुटीही आलेली नाही.

संध्याकाळी मात्र जोडणी तुटतच राहिली, आणि त्याचे कारण वहीनेच दाखवले. ‘तुटल्यानंतर लगेच काय घडले’ या रकान्यात आठपैकी सात वेळा ‘फोनची घंटी वाजली’ असे लिहिलेले होते. त्या वेळेत शेतकरी आणि ट्रकवाले भाव विचारायला, गाडी कधी भरायची ते विचारायला फोन करतात. आमच्या लाइनवर कॉल वेटिंग चालू होते, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. दुसरा फोन आला की तारेवर टूं असा आवाज येई, मॉडेम घाबरून जोडणी सोडी आणि लाइन मोकळी होताच तो थांबलेला फोन वाजू लागे. एस१०=५० केल्यावर तुटणे कमी झाले, पूर्ण थांबले नाही. एक्स्चेंजला सांगून कॉल वेटिंग बंद करून घेतले तेव्हाच ते थांबले. वडिलांना ते पटलेले नाही, कारण मी पत्रे पाठवत असताना शेतकऱ्यांना फोन सारखा व्यस्त लागतो आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. म्हणून आता चित्रे १५० डीपीआयवर घेतो, पत्रे आधी लिहून ठेवतो आणि साडेनऊनंतर सगळी एकदम पाठवतो. चार पत्रांना मिळून तीन मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

एक शंका उरली आहे. तार दुरुस्त झाल्यावरही आकडा ३३,६०० च्या वर जात नाही. मॉडेममध्येच व्ही.९० बिघडलेले असेल का, हे नक्की कसे करावे?

संगणक वर्ग, कराड
२१ जुलै, सकाळी ८.२०

तुमच्या दुकानात वेगळी टेलिफोन लाइन असेलच. हाच संगणक, हाच मॉडेम आणि हेच इंटरनेट खाते घेऊन तिथून एकदा जोडून पाहा. तिथे आकडा १,३३३ च्या पायऱ्यांवर आला तर मॉडेम निर्दोष आहे आणि मर्यादा घरच्या तारेच्या मार्गात आहे. तिथेही ३३,६०० वरच अडला तर मॉडेमवर संशय घेऊ.

जुना तारवाला, सातारा
२१ जुलै, सकाळी १०.००

जोड वळचणीत घेतला आणि तारेला झोळ दिला हे फार चांगले झाले. नव्या जोडावरही नुसती पट्टी असेल तर पुढच्या वेळी लाइनमन येतील तेव्हा तो झाकणाच्या लहान डबीत घेऊन डबीचे तोंड खाली करायला सांगा. पन्हळही दुरुस्त करून घ्या.

हरिपूरकर, सांगली
२३ जुलै, रात्री ९.५०

काल संगणक पोत्यात गुंडाळून रिक्षाने यार्डात नेला आणि दुकानाच्या लाइनवर जोडून पाहिला. पहिल्या वेळी ४४,०००, दुसऱ्या वेळी ४५,३३३. संध्याकाळी तोच संगणक घरी आणून जोडला तर पुन्हा ३१,२००. मॉडेम चांगला आहे, तो बदलत नाही. पन्हळीसाठी पत्रेवाल्याला रविवारी बोलावले आहे.